रुमानियाच्या विद्यापीठाची फलश्रुती

आमच्या घरात लग्नकार्य निघालं, की जेवणं उरकल्यावर पोरंटोरं माझ्याभोवती कोंडाळं करतात आणि दाढीवाल्या प्रोफेसरची गोष्ट सांग म्हणून मागं लागतात. रुमानिया देशातलं एक जुनं विद्यापीठ, तिथली भाषा एका दिवसात बदलते, आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा प्रोफेसर आपल्या सुनेकडून नवी भाषा शिकतो. सुनेनं कान धरला, की "आई गं" कुठल्या भाषेत म्हणायचं हे त्याला कळत नाही. इथं पोरं हसतात. मीही हसते. ही गोष्ट मी तीस वर्षं सांगते आहे आणि तीस वर्षं तिच्यातला एक तुकडा गिळते आहे. आज तो तुकडा आधी सांगते: तो प्रोफेसर कधी जन्मालाच आला नव्हता. त्याला मी जन्माला घातलं, एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, माझी अब्रू वाचावी म्हणून. आणि त्याची किंमत माझ्या सासऱ्यांनी दिली.

मी सोलापूरची. पोलीस अॅक्शनला तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा माझं लग्न होऊन मी दुबलगुंडीला आले. सोलापूर म्हणजे मुंबई राज्य, आणि दुबलगुंडी म्हणजे कालपरवापर्यंत निजामाचं राज्य. आमच्याकडे मुली शाळेत इंग्रजी शिकायच्या. इकडे मुलगेसुद्धा उर्दूत गणितं सोडवायचे. त्यामुळं लग्न ठरताना माझ्या वडिलांनी नुसतं "मुलगी मॅट्रिकला बसलीय" एवढंच म्हटलं, तरी बैठकीत वजन पडलं. लग्न वैशाखात झालं आणि निकाल लागला जूनमध्ये. मी इंग्रजीत आपटले होते. वडिलांनी व्याह्यांना पत्र लिहिलं, "चिरंजीव मुलीचा निकाल लागला. देवाची कृपा आहे." या पत्रात खोटं एक अक्षर नव्हतं. सासूबाईंनी गावभर बेसनाचे लाडू वाटले. त्यातले दोन मीही खाल्ले. गोड लागले, हे कबूल करते.

सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, मूळच्या मादन हिप्परग्याच्या, आळंदकडच्या. रागावल्या की कानडीत रागवायच्या आणि लाड करायचा झाला की मराठीत, म्हणून घरात कानडी सुरू झालं की मी आधीच डोक्यावरचा पदर सावरून घ्यायची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेजारच्या मोठ्या गावात सायकलनं जाऊन शाळेत इतिहास शिकवायचे. घरात मराठी बोलणारा, देवाला मराठीत नमस्कार घालणारा हा माणूस. पण किराण्याची यादीसुद्धा उर्दूत लिहायचा. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. अक्षर असं, की गावातले लोक लग्नपत्रिकेचा मायना त्यांच्याकडून लिहून न्यायचे आणि ती वाचता येत नसली तरी भिंतीला लावायचे. देवनागरी त्यांना वाचता यायची, अडखळत. लिहिता यायची नाही.

आमचे हे हुमनाबादला तहसील कचेरीत कारकून. शनिवारी घरी यायचे. त्यांना एक नाद होता. एक पोस्टकार्ड घालायचं, दिल्लीतल्या कुठल्यातरी परक्या देशाच्या वकिलातीला, "आपल्या महान देशाविषयी जिज्ञासा आहे, कृपया पुस्तके पाठवावीत." सगळी कार्डं शब्दान् शब्द सारखी, फक्त देशाचं नाव बदलायचं. मजकूर कुणाकडून तरी इंग्रजीत उतरवून घेतलेला; इंग्रजी यांना तेवढंच. मग कुठून रंगीत मासिकं यायची, कुठून गव्हाच्या शेतांचे फोटो. एकदा रुमानियाकडून एक जुनी पुस्तिका आली. रंग नाही, झगमग नाही. कुणा प्रवाशानं इंग्रजीत लिहिलेली, पानं पिवळी पडलेली. वकिलातीतल्या कुणीतरी कपाट साफ करता करता आमच्या गळ्यात बांधली असावी. विषय होता त्या देशातल्या क्लूज नावाच्या शहरातलं जुनं विद्यापीठ.

"अकलूज म्हंजे तुमच्या सोलापूरकडलं की गं," सासूबाई म्हणाल्या.

"ते नाही आत्याबाई, हे परदेशात आहे."

"आसंल. पन विद्यापीठ काढलं म्हंजे गाव मोठं आसंल."

पुस्तिका आली त्याच आठवड्यात घरात दोन कागद आले होते. एक शाळेकडचा: आता शिकवणं मराठीतून होणार, जुन्या उर्दूच्या मास्तरांनी दोन वर्षांत मराठीची परीक्षा उतरावी, न उतरल्यास पुढचा विचार करावा लागेल. दुसरा हैदराबादहून. मामंजींच्या शाळेपासूनच्या दोस्तानं लिहिलं होतं, की एका छापखान्यात उर्दू पुस्तकांची मुद्रितं तपासायची जागा आहे, तुझ्यासारखा माणूस मिळणार नाही, महिनाअखेरपर्यंत कळव.

मामंजींची पन्नाशी जवळ आलेली. हैदराबादला जायचं म्हणजे घर, शेत, गाव सोडायचं. पण जी भाषा हाताला येत होती ती हातातच राहिली असती. इथं राहायचं म्हणजे पोरांच्या रांगेत बसून अ आ इ काढायचा. आठ दिवस ते शाळेतून आले, की फडकं हातात घ्यायचे. सायकल पुसत बसायचे. सायकल इतकी स्वच्छ झाली, की सासूबाई म्हणाल्या, "आता तिची पूजाच घाला."

रविवारी दुपारी मामंजींनी ती पुस्तिका उचलली. हे त्या आठवड्यात घरी आले नव्हते, आणि हैदराबादच्या पत्राचं मामंजींनी त्यांना पुढंही कधी सांगितलं नाही. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू यायची, वाक्य मात्र फुटायचं नाही. चित्रं बघता बघता एका पानावर थांबले. मोठ्या इमारतीच्या पायऱ्यांवर काळे झगे घातलेले दहा-बारा म्हातारे उभे होते.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "हे काय लिहिलंय? तुला इंग्रजी येतंय. वाच की जरा. तारीख दिसायलीय मला."

तारीख म्हणजे इतिहास. शाळेत तो विषय उर्दूत तारीखच म्हणायचे, आणि मामंजी शेवटपर्यंत तेच म्हणाले.

आता इथं मी म्हणायला हवं होतं, "मामंजी, मला इंग्रजी वाचता येतं, कळत नाही." एवढं एक वाक्य. पण दाराशी सासूबाई उभ्या, ओसरीवर शेजारच्या दोघी तूर निवडत बसलेल्या, आणि सगळ्यांच्या पोटात माझ्या पास झाल्याचे लाडू. मी पदर खोचला आणि वाचायला बसले.

खणखणीत वाचायची मी. त्यात काही कमी नव्हतं. आमच्याकडे चातुर्मासात दुपारी पोथी लागायची. वाचायची मी आणि अर्थ सांगायच्या सासूबाई. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ओवी कानावर पडली की अर्थ सुरू. कधी कधी ओवी संपायच्या आधीच अर्थ पुढं निघून गेलेला असायचा. आणि त्या घरचा एक रिवाज होता: संकटात अध्याय सोडायचा नाही. राजा वनात आहे, राणी रडते आहे, अशा जागी पोथी मिटली तर म्हणे ते संकट घरात उतरतं. म्हणून स्वयंपाकाची वेळ झाली तरी राजाला सोडवूनच उठायचं. कधी कधी सोडवणूक तीन अध्याय पुढं असायची. मग सासूबाई ती ओढून अलीकडं आणायच्या, राजाला घरी पोचवायच्या आणि चूल पेटवायच्या. दुसऱ्या दिवशी राजा परत वनात, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

त्याच चालीवर मी इंग्रजीचं पान वाचायला लागले आणि अर्थही मीच सांगायला लागले. सुरुवातीचं बरं होतं, मला बऱ्यापैकी कळत होतं. चार शतकांमागं एका राजानं तिथं पाद्र्यांच्या हाती विद्यालय दिलं, तिथं लॅटिन चालायचं. मग पाद्र्यांना हाकललं. मग परत आणलं.

"लई तऱ्हेवाईक," मामंजी खुशीत म्हणाले. "बादशाही सगळीकडं सारखीच. पुढं?"

पुढं जर्मन बोलणाऱ्या राणीचा अंमल आला. पुढं हंगेरीची भाषा आली आणि मोठं विद्यापीठ झालं. मग पहिलं महायुद्ध, आणि युद्धानंतर ते शहर रुमानियात गेलं. शहर तिथंच, इमारत तीच, आणि विद्यापीठाची भाषा मात्र रुमानियन.

मामंजी पुढं सरकून बसले. शहाबादी फरशीवर त्यांनी बोटानं एक रेघ ओढली आणि मग तिच्यापलीकडं दुसरी. "म्हंजे आपल्यासारखंच झालं की," ते हळूच म्हणाले. "आन् जुने मास्तर? ज्यांना नवी भाषा येत नव्हती, त्यांचं काय केलं?"

नेमक्या त्या पानावर माझं इंग्रजी संपलं. दोन पानं भरून होती, आणि शब्द असे की एकेका शब्दात माझी अख्खी मॅट्रिक बुडावी. प्रोफेसर हा शब्द दिसत होता. आगगाडी दिसत होती. मध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, तो मी कधी पाहिलाच नव्हता. मी मोठ्यानं वाचत राहिले, की वाचता वाचता काहीतरी उमगेल. उमगलं नाही. बाहेर ऊन उतरलं. सासूबाई म्हणाल्या, "दिवे लावायची येळ झाली. पन संकटात सोडू नगं गं बाई. त्या मास्तरांना सोडिव आन् मग ऊठ."

मी त्या फोटोकडं पाहिलं. पायऱ्यांवर म्हातारे उभे, दोघे-तिघे हसत होते. हसताहेत म्हणजे बरंच झालं असणार, असं माझ्या मनानं घेतलं. मी दोन पानं एकदम उलटली आणि म्हणाले,

"जुने मास्तर राहिले, मामंजी. हे बघा, हेच ते. त्यांना दोन वर्षांची मुदत दिली. ते नवी भाषा शिकले आणि तिथंच शिकवायला लागले."

"सगळे?"

"सगळे. हा दाढीवाला तर साठीचा होता. सुनेकडून शिकला."

ते शेवटचं वाक्य कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. तोंडातून गेलं. सासूबाईंनी फोटोतल्या दाढीवाल्याला हात जोडले आणि चुलीकडं गेल्या. मामंजी बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. मग दौत-लेखणी घेऊन त्यांनी हैदराबादच्या दोस्ताला पत्र लिहायला घेतलं. मी कंदिलाची काच पुसत होते. पत्र उर्दूत, मला काय कळणार, पण लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं, "न्हाई म्हून कळिवलं. रुमानियाच्या म्हाताऱ्याला जमलं, तर मला न जमायला काय झालं?"

त्या वेळी तरी बोलायचं. पत्र टपालात पडायला दुसरा दिवस उजाडायचा होता. मी काच पुसत राहिले. ती काच सायकलपेक्षा स्वच्छ झाली.

मग मीच त्यांची मास्तरीण झाले. रोज शाळेतून आले, की हातपाय धुऊन पाटी घेऊन बसायचे. पाटीच्या उजव्या कडेपासून सुरुवात करायचे आणि दोन अक्षरं काढल्यावर थबकायचे. "हात ऐकंना गं," म्हणायचे. ज्या हातातून मोत्यासारखी उर्दू उतरायची, त्याच हातानं काढलेला मराठी 'क' मांडी मोडलेल्या बैलासारखा बसायचा. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज काय शिकिवलंस गं? बाराखडी झाली का? मारू नगंस हां म्हाताऱ्याला." मामंजी म्हणायचे, "तू गप. तिकडं हिप्परग्यात तुला कुनी शिकिवलं न्हाई म्हून जळायलीस."

शाळेत जास्त अवघड होतं. फळ्यावर उजवीकडून लिहायला घेतलं, की पोरं खिदळायची. तारीख म्हटलं, की पाठीमागून कुणीतरी वार सांगायचा. हे मला शेजारणीकडून कळायचं; मामंजी घरी यातलं काही बोलायचे नाहीत. फक्त कधी तरी पाटी बाजूला ठेवून विचारायचे, "त्या दाढीवाल्याला किती दिवस लागले?"

आणि मी सांगायची. देवाशपथ, दर वेळी वाटायचं की आता खरं सांगावं, आणि दर वेळी तोंडातून दुसरंच यायचं. पहिल्या वर्षी दाढीवाला नापास झाला होता, हे मी मामंजी नापास झाले त्या आठवड्यात सांगितलं. त्याची पोरं त्याला हसायची, पण पुढं त्याच पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याच्या बायकोचं काय, असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मी तिला गुडघेदुखी दिली, कारण सासूबाईंना होती. शेवटी शेवटी तो घरातलाच झाला. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली, की सासूबाई म्हणायच्या, "त्या दाढीवाल्याकडं करत आसतील का गं आसली?" आणि हे शनिवारी घरी आले, की मला कौतुकानं विचारायचे, "एवढं सगळं त्या लहानशा पुस्तिकेत आहे?" मी म्हणायची, "बारीक टाइपात आहे."

दुसऱ्या खेपेला मामंजी पास झाले. या वेळचे लाडू खऱ्या निकालाचे होते. त्यांनी पहिला लाडू मला दिला. आधीचे दोन गोड लागले होते. हा मी पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

वर्षभर ते मराठीतून इतिहास शिकवत होते. मग छप्पन साल आलं. हैदराबाद राज्यच मोडलं, भाषेप्रमाणे वाटण्या झाल्या, आणि आमचा बीदर जिल्हा गेला कानडी राज्यात. शहर तिथंच, इमारत तीच. थोड्याच दिवसांत शाळेकडून कागद आला: यापुढं कानडी. परीक्षा द्यावी.

मामंजींनी कागद वाचला. तो मराठीत होता. न अडखळता वाचला. मग फळीवरून रुमानियाची पुस्तिका काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्यापुढं ठेवली.

"वाच, सूनबाई. एकदा भाषा बदलली तवा त्यांनी काय केलं, ते सांगितलंस तू. दुसऱ्यांदा बदलली का? मग काय केलं त्यांनी?"

दुपार होती. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. हेही घरी होते. मी पुस्तिका उघडली, आणि तेच पान आलं, तेच म्हातारे पायऱ्यांवर हसत होते. माझ्यापुढं दोन वाटा होत्या: एक खरं बोलायची, आणि दुसरी नेहमीची. दाढीवाल्याला पुन्हा एकदा शाळेत घालायचं, या वेळी कानडी शिकवायची. त्रेपन्न वर्षांच्या माझ्या सासऱ्यांच्या हातात तिसऱ्यांदा पाटी द्यायची. तेवढं मात्र माझ्यानं झालं नाही.

"मामंजी," मी म्हणाले, "मला त्या वेळी या पानाचं काही कळलं नव्हतं. मी मनानं सांगितलं. दाढीवाला खोटा आहे. मी मॅट्रिक नापास आहे. इंग्रजीत."

सगळं एका दमात. सुपातली ज्वारी थांबली.

पहिल्या बोलल्या त्या सासूबाई. "म्हंजे त्यो दाढीवाला न्हाईच?"

"नाही आत्याबाई."

"आन् त्याची बायकू? तिचे गुडघे?"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि कानडीत चार वाक्यं बोलल्या. त्यांचा अर्थ मी सांगू नये. हे "बारीक टाइप" एवढंच पुटपुटले आणि बाहेर गेले.

मामंजी उठले. मला वाटलं, आता तेही बाहेर जातील. त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून एक जाडजूड पुस्तक काढलं. इंग्रजीचा उर्दू कोश. शाळेत असताना बक्षीस मिळालेला.

"तुला कुठला शब्द येत न्हाई? दाव," ते म्हणाले. "ही अक्षरं मी ओळखतो. उर्दूत काय लिहिलंय ते बघतो, आन् तुला मराठीत सांगतो. कळंल तेवढंच बोल. न्हाई कळलं तिथं न्हाई म्हन."

तो कोश तीन वर्षं माझ्या हाताशी, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीखाली त्याच ट्रंकेत होता. मी एकदा "न्हाई" म्हटलं असतं, तर त्याच रविवारी आम्ही दोघांनी मिळून ते पान वाचलं असतं. या एका गोष्टीनं मला जितकं खाल्लं आहे, तितकं खोटं बोलल्यानंही नाही.

चार दुपारी लागल्या. तो पुन्हा पुन्हा येणारा शब्द होता शपथ. नव्या सरकारनं जुन्या प्रोफेसरांना निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं होतं आणि बहुतेकांनी नाकारलं. ते गेले. आगगाडीत बसून, हंगेरीत, आणि तिथं दुसऱ्या गावात त्यांनी विद्यापीठ पुन्हा मांडलं. फोटोतले हसणारे होते ते त्यांच्या जागी आलेले नवे.

"गेले म्हनायचे," मामंजी म्हणाले. कोशावर हात ठेवून बसले. "आन् हे नवे आले त्यांचं?"

पुढचं पान वाचलं. वीस वर्षांनी दुसरं युद्ध आलं, शहर परत हंगेरीकडं गेलं, आणि पायऱ्यांवर हसणाऱ्यांनाही पुस्तकं, काचेची उपकरणं बांधून दुसऱ्या गावी जावं लागलं. युद्ध संपल्यावर ते परतले.

"सगळे परतले?"

मी पान उलटून पाहिलं. पाठीमागं फक्त छापखान्याचा पत्ता होता.

"पुस्तकात नाही," मी म्हणाले.

"मग नगं सांगू."

सासूबाई दारात उभ्या होत्या. संकटात सोडू नको, असं त्या दिवशी त्यांनीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी हैदराबादला पत्र घातलं. त्यांनी सांगितलं नाही, तरी मला ठाऊक होतं, की ती जागा अजून आहे का, हे विचारलंय. पंधरा-वीस दिवस मी टपालवाल्याच्या वाटेवर डोळे लावून होते. मनात एकच: जागा असू दे. मी यांची तीन वर्षं घालवली, तेवढी परत मिळू दे.

उत्तर आलं ते माझ्याच हातात पडलं. उर्दू. मी ते दोन्ही हातांनी धरून मामंजींपुढं नेलं. ओसरीत उभ्यानंच त्यांनी वाचलं, ओठ न हलवता. मध्ये एकदा थांबले. मग कागदाची घडी घातली.

"काय लिहिलंय, मामंजी?"

"ये म्हनतोय," ते म्हणाले. "जागा तुझीच हाय, कवाबी ये म्हनतोय." मग घडीची आणखी एक घडी घातली. "पन मीच आता न्हाई जानार. हितं तुझी सासू कुनाशी भांडंल? आन् तू मनाला लावून घेऊ नगंस. मला जायचंच नव्हतं, सूनबाई."

मी तिथंच रडले. सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, जागा होती, बोलावणं होतं, आणि राहायचं त्यांनी स्वतः ठरवलं. म्हणजे माझ्या हातून फार काही मोडलं नाही.

कानडीची परीक्षा त्यांनी दिली नाही. शाळा सोडली. पुढं गावोगावचे लोक निजामाच्या काळातले जुने उर्दू कागद घेऊन यायचे, शेताचे, वाटणीचे, कधी एखाद्या मेलेल्या बापाचं पत्र. मामंजी ते वाचून मराठीत, कानडीत अर्थ सांगायचे. आणि मी पोरांना गोष्ट सांगायला बसले, की कोपऱ्यातून त्यांचा आवाज यायचा, "हे पुस्तकात हाय का गं तुझ्या?" पोरं हसायची. मला त्याचा राग कधी आला नाही. पुढं चार मुलांची आई झाल्यावर मी पुन्हा मॅट्रिकला बसले आणि इंग्रजीत पास झाले, तेव्हाही लाडू मी वाटू दिले नाहीत.

ते जाऊन आता सात वर्षं झाली. मागच्या दिवाळीला ट्रंक आवरताना तो कोश निघाला आणि कोशात रुमानियाची पुस्तिका. पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या पानात चार घड्यांचा कागद होता. मी लगेच ओळखला. ह्यांना उर्दू वाचता येतं. चष्मा लावून ते खिडकीशी बसले.

पत्र लहान होतं. खुशाली, मुलांची चौकशी. मग ह्यांनी मोठ्यानं वाचलं, "दो साल आपकी राह देखी। जगह पिछले साल भर गई। अब कुछ निकले तो ज़रूर लिखूँगा, मगर उम्मीद कम है।"

मी फडकं हातात घेऊन उभी होते. तो थांबलेला क्षण मला आठवला, ओसरीतला, आणि कागदाच्या घड्या. कळंल तेवढंच सांग, असं मला शिकवणाऱ्या माणसाला त्या पत्रातलं सगळं कळलं होतं.

"कसली जागा गं?" ह्यांनी विचारलं. "आमच्या अप्पांनी तुला सांगितलं होतं का काही? काय म्हणाले होते?"

"हेच," मी म्हणाले. "जागा भरली म्हणाले होते."

ह्यांनी मान हलवली आणि कागद परत त्याच पानात ठेवला. हे लिहून झालं, की शुद्धलेखन तपासायला मी वही त्यांच्याकडेच देते. तेव्हा आता कळेल त्यांना.